रक्तातील अनोळखी पेशींची ओळख

प्रयोगशाळेत काम करणारी आम्ही माणसे रोग्याच्या उशाशी क्वचितच जातो. आमची आणि लोकांची गाठ पडते ती रिपोर्टच्या खिडकीपाशी. तेथे उभ्या असलेल्या आईबापांचा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘साहेब, हा बरा होईल ना?’ या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार आमचा नव्हे, तो डॉक्टरांचा. परंतु डॉक्टरांनाही प्रामाणिक उत्तर द्यावयाचे झाल्यास दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर आधी हाती असावे लागते, आणि ते मात्र आम्हीच द्यावयाचे असते. तो प्रश्न म्हणजे, ‘रक्ताचा कॅन्सर खरा, पण कोणता?’ आजच्या विवेचनाचा विषय एवढाच आहे. विषय थोडा तांत्रिक आहे हे आम्ही जाणतो. पण ज्याला बाजारात माणसे ओळखता येतात त्याला तो समजण्यास अडचण पडू नये.

प्रथम रोगाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या हाडांच्या पोकळीत जी मऊ मज्जा असते ती रक्तपेशींची रोपवाटिका होय. प्रौढ माणसाच्या मज्जेत दररोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. त्या साधारण चार महिने जगतात. रक्तस्राव थांबविणाऱ्या बिंबिका आठदहा दिवस टिकतात, आणि जंतूंशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशी तर रक्तात एक दिवसही धड राहत नाहीत. म्हणजे ही रोपवाटिका एक आठवडा जरी बंद पडली तरी शरीराचा संसार कोलमडावयास लागतो. तीव्र रक्तकर्करोगात नेमके हेच घडते. मज्जेतील एखादी कोवळी पेशी वयात येण्याचे विसरते आणि केवळ आपल्यासारख्या पेशी वाढवीत सुटते. तिच्या या अपक्व वंशजांना ‘ब्लास्ट’ म्हणतात. निरोगी मज्जेत अशा पेशी शंभरात पाचांहून कमी असतात. त्या वीस किंवा त्याहून अधिक झाल्या म्हणजे सामान्यतः रोगाचे निदान होते. मूळ रोपांना जागाच उरत नाही. तांबड्या पेशी कमी झाल्याने मूल पांढुरके दिसते व दमते; बिंबिका घटल्याने अंगावर काळेनिळे डाग पडतात, हिरड्यांतून रक्त येते; आणि कामाच्या पांढऱ्या पेशी नसल्याने ताप हटत नाही. पांढऱ्या पेशींचा आकडा रिपोर्टात भलामोठा असतो, पण त्यांत लढणारा शिपाई एकही नसतो, अशी ही विपरीत स्थिती आहे.

हा रोग वेगळा आहे हे प्रथम १८४५ साली ध्यानात आले. एडिंबरो येथे बेनेट यांनी आणि बर्लिन येथे फिर्खो यांनी एकाच वर्षी अशा रोग्यांची वर्णने प्रसिद्ध केली. बेनेट यांना वाटले की रक्तातच पू झाला आहे. फिर्खो यांनी हे मत नाकारले, आणि १८४७ साली त्यांनी या रोगाला जे ग्रीक नाव दिले त्याचा अर्थ ‘पांढरे रक्त’ एवढाच होतो. ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे न दाखविता दिसले तेवढ्यालाच नाव देण्याचा हा साधेपणा आम्हांला फार मोलाचा वाटतो.

आता ‘कोणता?’ या प्रश्नाकडे वळू. तीव्र रक्तकर्करोगाची मुख्य घराणी दोन. लिंफोसाइट नावाच्या पेशींच्या कुळातून निघतो तो लिंफोब्लास्टिक; मुलांत आढळणाऱ्या सर्व कर्करोगांत हा अधिक संख्येने दिसतो. त्याच्याही दोन शाखा आहेत, बी आणि टी. दुसरे घराणे मायलॉइड; ते प्रौढांत आणि विशेषतः उतारवयात अधिक. दोन्ही घराण्यांतील रोग्यांची तक्रार एकच, चेहरा एकच आणि साध्या रक्ततपासणीचा कागदही जवळजवळ एकच. पण औषधे निराळी! एकाला व्हिन्क्रिस्टीन, स्टेरॉइड आणि अ‍ॅस्पराजिनेज यांच्या बळावर सुरुवात करून दोनतीन वर्षे चालणारा उपचार लागतो. दुसऱ्याला सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन यांचा थोड्या अवधीचा परंतु अतिशय कडक मारा लागतो. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर अमूल्य दिवस वाया जातात आणि औषधाचे विष मात्र अंगात राहते. तेव्हा ‘कोणता?’ हा पंडितांचा प्रश्न नसून रोग्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

याचे उत्तर देण्याचे जुने साधन सूक्ष्मदर्शक होय, आणि ते आजही अडगळीत गेलेले नाही हे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून त्यावर निळातांबडा रंग चढवावयाचा आणि डोळा लावून बसावयाचे. कधी पेशीच्या पोटात तांबूस, सुईसारखी काडी दिसते. १९०६ साली जॉन आवर यांनी वर्णिलेली ही काडी दिसली म्हणजे घराणे मायलॉइड, याविषयी शंका राहत नाही. १९७६ साली फ्रेंच, अमेरिकन आणि ब्रिटिश तज्ज्ञांनी मिळून पेशींच्या रूपावरून व रंगांच्या परीक्षांवरून एक वर्गवारी तयार केली आणि पुढे अनेक वर्षे सर्व जगाने ती वापरली. पण अडचण अशी की अनेक ब्लास्ट पेशींना रूपच नसते. वाटोळा गाभा, भोवती निळसर कडा, संपले! जन्मलेल्या बाळाकडे पाहून तो पुढे सुतार होणार की सोनार हे जसे सांगता येत नाही, तसे या पेशींकडे पाहून त्यांचे कूळ सांगता येत नाही. दोन अनुभवी तज्ज्ञ एकाच काचपट्टीवर दोन निराळी मते देतात, आणि दोघेही प्रामाणिक असतात.

येथे आमच्या यंत्राचा प्रवेश होतो. पण यंत्र समजून घेण्यापूर्वी ते काय वाचते हे समजले पाहिजे.

पूर्वी आपल्याकडे माणसाच्या डोक्यावरून त्याचा गाव ओळखू येई. पुणेरी पगडी, कोल्हापुरी फेटा, मारवाडी पागोटे. दुरून पाहिले तरी पुरे. पेशींचेही असेच आहे. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर आणि काही अंशी तिच्या पोटात विशिष्ट प्रथिने असतात. बी कुळाची प्रथिने निराळी, टी कुळाची निराळी, मायलॉइडांची आणखी निराळी. शिवाय लहानपणी अंगावर असलेली काही प्रथिने मोठेपणी गळून पडतात आणि नवी येतात. बालपणीचे टोपडे आणि थोरपणीची पगडी यांत फरक असावयाचाच. ही प्रथिने डोळ्यांना दिसत नाहीत. ती दिसावीत म्हणून प्रतिद्रव्यांचा उपयोग करतात. प्रतिद्रव्य हा शरीराने परक्या पदार्थाविरुद्ध तयार केलेला असा रेणू की जो त्या एकाच पदार्थाला चिकटतो. त्याच्या शेपटीला चमकणारा रंग जोडला की झाले : जेथे ते प्रथिन असेल तेथे रंग, नसेल तेथे अंधार.

एकाच प्रथिनाला चिकटणारे शुद्ध प्रतिद्रव्य हवे तितके कसे मिळवावयाचे, ही गोष्ट मात्र फार दिवस सुटली नव्हती. १९७५ साली केंब्रिज येथे कोलर आणि मिल्स्टाइन यांनी ती सोडविली. प्रतिद्रव्य तयार करणारी उंदराची पेशी आणि उंदराचीच एक कर्करोगी पेशी यांचा त्यांनी संकर घडवून आणला. पहिलीपासून प्रतिद्रव्य तयार करण्याची कला मिळाली आणि दुसरीपासून न मरण्याची. कर्करोग पकडण्याचे साधन कर्करोगाच्याच चिवटपणावर उभे आहे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. या शोधासाठी दोघांना १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे जगभर इतकी प्रतिद्रव्ये निघाली आणि प्रत्येक प्रयोगशाळेने त्यांना इतकी निरनिराळी नावे दिली की गोंधळ माजला. तो निस्तरण्यासाठी १९८२ साली पॅरिस येथे तज्ज्ञांची परिषद भरली आणि प्रथिनांना क्रमांक देण्याचे ठरले. सीडी १९, सीडी ३४, सीडी ४५ अशी जी नावे आमच्या रिपोर्टात तुम्हांला दिसतात ते हे क्रमांक होत. आज ते साडेतीनशेंच्या पुढे गेले आहेत. रिपोर्ट हाती घेऊन ‘एकोणीस म्हणजे जास्त की कमी?’ असे विचारणारे गृहस्थ आम्हांला भेटतात. तो आकडा मोजमापाचा नसून केवळ घरक्रमांक आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

आता यंत्र. त्याचे नाव फ्लो सायटोमीटर, म्हणजे वाहत्या पेशींचे मापन करणारे. त्याची कल्पना यावी म्हणून पंढरपूरची दर्शनबारी डोळ्यांपुढे आणा. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखोंची गर्दी कशीही पसरलेली असते. पण बारीत शिरली की एकामागे एक माणूस, आणि देवापुढून जाताना प्रत्येकाला क्षणभर का होईना पण स्वतंत्र उभे राहावयास मिळते. यंत्रात हेच होते. पेशी मिसळलेल्या पाण्याची बारीक धार दुसऱ्या खारट पाण्याच्या वेगवान प्रवाहाच्या मध्यभागी सोडतात. बाहेरचा प्रवाह आतल्या धारेला चहूंकडून आवळतो आणि पेशी एकेरी रांगेने पुढे सरकतात. वाटेत लेसरचा प्रकाश आडवा येतो. पेशी त्यातून जाताना प्रकाश विखुरतो. समोरच्या बाजूला विखुरलेल्या प्रकाशावरून पेशीचा आकार कळतो आणि काटकोनात विखुरलेल्या प्रकाशावरून तिच्या पोटात दाणे किती आहेत ते कळते. त्याच क्षणी प्रतिद्रव्यांना जोडलेले रंग उजळतात; कोणी हिरवा, कोणी नारिंगी, कोणी तांबडा. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र नेत्र असतो. एका सेकंदात हजारो पेशी अशा नजरेखालून जातात आणि प्रत्येकीची स्वतंत्र नोंद होते. सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही शंभर-दोनशे पेशी मोजून थकतो. यंत्र काही मिनिटांत लाख मोजते आणि थकत नाही.

हे यंत्र कोणा एकाने बांधले नाही. वॉलेस कूल्टर या अमेरिकन अभियंत्याला १९५३ साली एका युक्तीचे पेटंट मिळाले : बारीक छिद्रातून पेशी जाताना विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा मोजून पेशी गणावयाच्या. १९६५ साली लॉस अलामॉस येथे मॅक फुलवायलर यांनी तिला स्टॅनफर्ड येथील रिचर्ड स्वीट यांची शाईचे थेंब फेकून लिहिण्याची युक्ती जोडली आणि पेशी निवडून बाजूला काढण्याचे यंत्र केले. १९६८ साली जर्मनीत गोडे यांनी चमकत्या रंगांवर चालणारे यंत्र सिद्ध केले, आणि त्याच सुमारास स्टॅनफर्ड येथे हर्झेनबर्ग यांच्या मंडळींनी रंग आणि निवड यांचा मेळ घातला. छापखान्याच्या कामाची युक्ती रक्ताच्या कामी आली, हे आम्हांला तरी यंत्रापेक्षा अधिक आश्चर्याचे वाटते.

परंतु यंत्र कितीही चतुर असले तरी त्याच्या तोंडी जे घालाल तेच ते सांगणार. म्हणून नमुन्याविषयी थोडे अधिक बोलण्याची परवानगी द्यावी, कारण अर्धे निदान तेथेच बनते किंवा बिघडते. मज्जा बहुधा कमरेच्या हाडातून सुईने ओढतात. पहिल्या ओढीत मज्जा येते. पुढच्या ओढींत रक्तच अधिक येते आणि मग रोग आहे त्याहून कमी दिसतो. नमुना गोठू नये म्हणून नळीत औषध घातलेले असते. नळी हळूच आठदहा वेळा उलटीपालटी करावी लागते, आणि हे न केल्यामुळे गुठळी झालेला नमुना आमच्याकडे आल्याखेरीज महिना जात नाही. दुसरा नेहमीचा घोटाळा बर्फाचा. औषधे बर्फात ठेवतात म्हणून रक्तही बर्फात ठेवावे अशी समजूत आहे; पण या तपासणीसाठी नमुना नेहमीच्या हवेत ठेवावा आणि होईल तितक्या लौकर, शक्य तर चोवीस तासांच्या आत, यंत्रावर जावा. पेशी जिवंत हव्यात. मेलेल्या पेशी भलत्याच प्रतिद्रव्यांना चिकटतात आणि खोटी साक्ष देतात. एका दूरच्या गावाहून शनिवारी दुपारी काढलेला नमुना आमच्याकडे मंगळवारी सकाळी आला. त्यातील निम्म्याहून अधिक पेशी मेलेल्या होत्या. मुलाच्या हाडात पुन्हा सुई घालावी लागणार, हे त्याच्या वडिलांना खिडकीपाशी सांगताना आमच्या तोंडून शब्द फुटेना. ‘साहेब, आमचं काय चुकलं?’ असे ते विचारीत होते, आणि त्यांचे तर काहीच चुकले नव्हते.

नमुना चांगला असेल तर पुढचे काम सरळ आहे. तांबड्या पेशी औषधाने फोडून काढावयाच्या, उरलेल्या पेशी नळ्यांत वाटावयाच्या, प्रत्येक नळीत आठदहा रंगांची प्रतिद्रव्ये घालावयाची आणि पंधरावीस मिनिटे अंधारात ठेवावयाच्या. पोटातील प्रथिने पाहावयाची असल्यास पेशीच्या भिंतीला आधी सूक्ष्म छिद्रे पाडावी लागतात. मग धुऊन यंत्रावर. रंग एकमेकांच्या हद्दीत थोडे सांडतात, हिरव्याचा अंश नारिंगीच्या नेत्राला दिसतो. तो हिशेबाने वजा करावा लागतो. हा हिशेब चुकला तर नसलेली पगडी डोक्यावर दिसू लागते.

यानंतर पडद्यावर जे उमटते ते ठिपक्यांचे ढग. एक ठिपका म्हणजे एक पेशी. आमची पहिली नजर सीडी ४५ कडे जाते. पांढऱ्या पेशींची ही सामाईक खूण. पक्व लिंफोसाइटवर ती ठळक असते आणि ब्लास्ट पेशींवर बहुधा फिकी. एका अक्षावर ही खूण आणि दुसऱ्यावर पोटातील दाणे मांडले की प्रत्येक जातीची पेशी आपापल्या आळीत जाऊन बसते, आणि ब्लास्टांची आळी, जी निरोगी माणसात जवळजवळ ओसाड असते, ती गजबजलेली दिसते. तेवढ्या आळीभोवती आम्ही रेघ ओढतो आणि तेथील रहिवाशांची झडती घेतो. सीडी ३४, सीडी ११७, टीडीटी या कोवळेपणाच्या खुणा आहेत काय? सीडी १९, सीडी २२, सीडी ७९अ आणि सीडी १० आहेत? मग बी शाखेचा लिंफोब्लास्टिक. पोटात सीडी ३ आणि बाहेर सीडी ७? मग टी शाखा. पोटात मायलोपरॉक्सिडेज, बाहेर सीडी १३ व सीडी ३३? मग मायलॉइड.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, मग अडचण कसली? कोष्टक पाहावे आणि सांगावे! येथेच या विद्येची खरी मेख आहे. डोक्यावर पुणेरी पगडी आहे म्हणून माणूस पुण्याचा ठरत नाही; लग्नात भाड्याने आणलेलीही असते. कर्करोगी पेशी पगड्या चोरतात. मायलॉइड पेशीच्या अंगावर टी कुळाचा सीडी ७ दिसतो, बी कुळाच्या पेशीवर मायलॉइडांचा सीडी १३ दिसतो. केवळ एका खुणेवर विसंबणारा फसतो. म्हणून आम्ही पगडी, जोडा, बोली आणि चालणे मिळून माणूस ओळखतो, आणि बाहेरच्या वेषापेक्षा पोटातल्या खुणांना अधिक मान देतो. पोटातील सीडी ३ आणि मायलोपरॉक्सिडेज सहसा उसने आणता येत नाहीत. चोरलेल्या पगडीचाही उपयोग असतो. मायलॉइड पेशीवर बी कुळाचा सीडी १९ आढळला तर आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेला प्रकार असावा असा संशय येतो, आणि तो प्रकार उपचाराला चांगला दाद देतो. शंभरात दोन ते पाच रोगी असेही असतात की ज्यांच्या पेशी खरोखरच दोन्ही घराण्यांच्या असतात. अशा वेळी आम्ही ‘मिश्र’ असे लिहितो, आणि तसे लिहिण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो.

आता ज्या प्रकारासाठी आम्ही रात्री-अपरात्रीही यंत्र सुरू करतो त्याविषयी. मायलॉइड घराण्यात प्रोमायलोसाइटिक नावाचा एक उपप्रकार आहे. त्यात रक्त गोठण्याची सारी व्यवस्था बिघडते आणि रोगी कर्करोगाने नव्हे तर मेंदूतील रक्तस्रावाने, निदानानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच दगावू शकतो. याचे औषध मात्र सर्वांत सौम्य आणि सर्वांत गुणकारी. अ जीवनसत्त्वापासून निघणारे ऑल-ट्रान्स रेटिनोइक आम्ल हे औषध शांघाय येथील वांग झेन-यी यांच्या मंडळींनी वापरून १९८८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते पेशींना मारीत नाही, वयात आणते. त्याच्या जोडीला हार्बिन येथील डॉक्टरांनी पुढे आणलेला सोमल, होय, आपल्या वैद्यांना ठाऊक असलेला तोच सोमल. या दोहोंनी कमी धोक्याच्या गटातील दहापैकी नऊंहून अधिक रोगी बरे होतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात मृत्यूच्या दारी आणि तो आठवडा निभावला तर जवळजवळ निर्धास्त, असा हा रोग आहे.

एका संध्याकाळी एका तरुण स्त्रीचे रक्त आले. काचपट्टीवर गाभा दुभंगलेल्या पेशी होत्या. दाणे दिसत नव्हते. पाहणाराने ‘मोनोसाइट कुळाच्या असाव्यात’ असे टिपले होते. पण यंत्रावर त्या पेशी प्रकाश भरपूर विखुरीत होत्या, म्हणजे दाणे होते, फक्त सूक्ष्मदर्शकाला न दिसण्याइतके बारीक. मायलोपरॉक्सिडेज आणि सीडी ३३ झगझगीत, आणि एचएलए-डीआर ही खूण, जी मोनोसाइटांवर ठळक असावयास हवी, ती नाहीच. एखाद्या खुणेचे नसणेही साक्ष देते, ते असे. ही खूण नसणारे आणखीही एखाददोन प्रकार आहेत, त्यामुळे पक्की खात्री पंधराव्या व सतराव्या गुणसूत्रांच्या तपासणीनेच व्हावयाची होती आणि तिला वेळ लागणार होता. आम्ही रिपोर्ट छापण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दूरध्वनी केला आणि संशय सांगितला. संशय आला की औषध सुरू करावयाचे, खात्री मागाहून, हाच या रोगातील सर्वमान्य नियम आहे. पहिली गोळी त्याच रात्री दिली गेली. तिसऱ्या दिवशी गुणसूत्रांचा निकाल संशयाप्रमाणेच आला.

आमच्या फजितीचीही एक हकीकत सांगितली पाहिजे, नाही तर हे विवेचन एकांगी होईल. लिंफोब्लास्टिक रोगातून बऱ्या झालेल्या एका मुलाची मज्जा औषधे थांबविल्यावर काही महिन्यांनी तपासणीस आली. सीडी १९ आहे, सीडी १० आहे, सीडी ३४ आणि टीडीटीही आहेत. रोग परतला, असे आमच्यातील एकाने जवळजवळ लिहून टाकले होते. दुसऱ्याने ढग पुन्हा पाहिले. ते एका जागी गोळा झालेले नव्हते. कोवळ्यापासून पक्वापर्यंत त्यांची सलग ओळ लागलेली होती, शाळेत पहिलीपासून चौथीपर्यंत मुले असावीत तशी. औषधांचा मारा संपल्यावर मज्जा नव्या जोमाने उगवते तेव्हा ही निरोगी कोवळी रोपे मोठ्या संख्येने दिसतात. कर्करोगी पेशी मात्र एकाच इयत्तेत अडकलेल्या असतात. हा फरक संख्येत नाही, मांडणीत आहे. तो कागद तसाच गेला असता तर एका निरोगी मुलाला पुन्हा विषारी औषधांना सामोरे जावे लागले असते. त्या दिवसापासून असा प्रत्येक रिपोर्ट दोघांनी पाहिल्याखेरीज आम्ही बाहेर सोडीत नाही.

यंत्राच्या मर्यादा स्पष्टच आहेत. पेशीचे कूळ ते सांगते. त्या कुळात बिघाड कोणत्या जनुकामुळे झाला हे सांगत नाही. फिलाडेल्फिया गुणसूत्र आहे की नाही, म्हणजे त्यावरील खास गोळी द्यावयाची की नाही, हे गुणसूत्रांच्या आणि जनुकांच्या परीक्षेवरूनच ठरते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या वर्गवारीत जनुकांना मोठे स्थान आहे ते यामुळेच. सूक्ष्मदर्शक, यंत्र आणि जनुक यांची साक्ष जुळली म्हणजे निदान पुरे.

निदानानंतर यंत्राचे दुसरे काम सुरू होते. पहिल्या महिन्याच्या उपचारानंतर मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसते. पण स्वच्छ दिसणे आणि स्वच्छ असणे यांत अंतर आहे. दहा हजार निरोगी पेशींत लपलेली एक कर्करोगी पेशी यंत्र हुडकून काढू शकते. त्यासाठी पाच-दहा लाख पेशी मोजाव्या लागतात आणि तिचा सुरुवातीचा वेष आमच्या दप्तरी नोंदलेला असावा लागतो. असा शेष रोग उरला असेल तर उपचार अधिक कडक करावयाचा, एरवी मुलाला विनाकारण भाजावयाचे नाही. आपल्या देशातील मोठ्या कर्करोग केंद्रांनी मिळून मुलांच्या लिंफोब्लास्टिक रोगासाठी जी सामाईक उपचारपद्धती आखली तीतही हे मापन आहे, आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्या केंद्रांपैकी एक आहे.

अलीकडे तर आम्ही ज्या खुणांवरून रोग ओळखतो त्याच खुणांवर औषधे नेम धरू लागली आहेत. सीडी १९ वर, सीडी २२ वर, सीडी ३३ वर. पवईची आयआयटी आणि टाटा रुग्णालय यांच्या संशोधनातून सिद्ध झालेल्या उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रोग्याच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांना सीडी १९ ओळखावयास शिकवून पुन्हा अंगात सोडतात. परंतु पेशी येथेही चतुर ठरतात. ज्या पगडीवर गोळी येते ती पगडी काही पेशी उतरवून ठेवतात. सीडी १९ नाहीसा होतो आणि रोग तसाच उरतो. सीडी १९ वरून बी पेशी हुडकण्याची ज्यांची सवय, त्या आमच्यासारख्यांना मग मज्जा स्वच्छच दिसणार! अशा रोग्यांच्या नळीत आम्हांला सीडी २२, सीडी २४ आणि पोटातील सीडी ७९अ यांच्या आधाराने वेगळ्या वाटेने शोध घ्यावा लागतो. पण ती वाट धरावयाची हे आम्हांला कळणार कसे? नमुन्याबरोबर येणाऱ्या चिठ्ठीवर रोग्याचे नाव, वय आणि ‘मज्जा तपासणी’ एवढेच लिहिलेले असते. आधी कोणते औषध झाले, ही ओळ बहुतेक वेळा कोरी असते, आणि मग आमच्यापैकी कोणी तरी दूरध्वनी उचलून वॉर्डात विचारतो.